खापरी विरघळेपर्यंत

मी मेलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण येणारा-जाणारा जो तो या फुटक्या काठाच्या रांजणात डोकावतो आणि म्हणतो, "गेली ही माती, टाकून द्या." टाकून द्या म्हणे! तुमच्या बापाची आहे का?

मी कुंभारकामाची माती बोलतेय. कंपोंग च्नांगच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. घरं खांबांवर. माणसं वर राहतात, कामं खाली सावलीत चालतात. त्याच सावलीत, शिडीच्या मागे हा रांजण आहे आणि त्यात मी आहे, हाडासारखी वाळून. ढेकूळ ढेकळावर आपटलं तर ठणकन वाजतं. निमोल आत्ताच घागर घेऊन तळ्यावर गेली. ती पाणी घेऊन येईपर्यंत माझं ऐकून घ्या. आणि मध्येच हळहळू नका, मला ते आवडत नाही.

माझा जन्मच मारहाणीतला. डोंगराच्या पायथ्याशी मी सुखानं पडून होते, तिथून कुदळीच्या घावांनी मला उकरून काढलं. उन्हात वाळवलं, मुसळानं कुटलं, चाळलं. वाळू मिसळून पाणी ओतलं आणि पायांनी तुडव तुडव तुडवलं. मग ओंडक्यावर बसवलं. आमच्या गावात चाक फिरत नाही, बाई फिरते. ओंडक्याभोवती गोल गोल चालत ती मला वर वर ओढत नेते. मी जरा आवळले की मग थापी. डाव्या हातात आतून गोल गोटा धरायचा, उजव्या हातानं बाहेरून लाकडी थापी हाणायची. दे दणादण! तसं बडवून बडवून माझा उघडा तळ मिटतो, पोट गोल होतं आणि मी मडकं होते.

खरं सांगू? मला त्याचं काहीच वाटत नाही. मी माती आहे, मला दुखत नाही. उलट थापी नीट बसली की मला बरं वाटतं. पण म्हणून जगात कुणी कुणाला मारलं की माझं नाव पुढे करायचं? तिथे माझं डोकं फिरतं. का, ते ऐका.

मला पहिल्यांदा घरी आणलं ते सुएननं, निमोलच्या आईनं. तेव्हा सुएन तरणी होती आणि निमोल तिच्या अंगावर पीत होती. एक दिवस नव्या राजवटीची, काळ्या कपड्यांतली, बंदुका घेतलेली पोरं गावात शिरली. मिसरूडही फुटलं नव्हतं मेल्यांना. "निघा, सगळे निघा," म्हणाली. सुएनच्या नवऱ्यानं शिडीच्या पायरीवरून एवढंच विचारलं, "कुठं जायचं, बाबांनो?" एकानं बंदुकीचा दस्ता उलटा धरला आणि त्याच्या डोक्यात घातला. एकदा नाही, तो हलायचा थांबेपर्यंत. रक्ताची चिळकांडी या रांजणावर उडाली. सुएनला रडूही दिलं नाही. पोर कडेवर, भाताचं गाठोडं डोक्यावर, अशी ढकलत नेली तिला.

मागे मी राहिले, रांजणात, ओलीच. हळूहळू पाणी उडून गेलं. माझे कण म्हणजे बारीक बारीक पापुद्रे असतात, आणि ते पाण्यामुळे एकमेकांवर घसरतात. पाणी गेलं की ते जवळ जवळ सरकतात, मी आकसते, तडकते, कडक होते. पाणी जिथे होतं त्या बारीक फटींत मग हवा जाऊन बसते. गावात माणूस नाही, कुत्रं नाही. वर्षं गेली. मीही म्हटलं, संपलं.

आणि ती राजवट पडल्यावर एका दुपारी सुएन परत आली. डोक्यावर केस नव्हते, अंगावर मांस नव्हतं, पण पोर जिवंत होती. घराच्या फळ्यासुद्धा लोकांनी उचकटून नेल्या होत्या. सुएन रांजणाशी बसली, आत बघितलं आणि तळ्यातून आणलेलं पाणी माझ्यावर ओतलं.

काय झालं ते सांगते, कारण ते भल्याभल्यांना कळत नाही. लोकांना वाटतं, पाणी म्हणजे माया, हळूच येतं आणि जवळ घेतं. कसलं काय! कोरड्याठाक मातीत पाणी घुसतं ते लुटारूसारखं. चारी बाजूंनी, प्रत्येक फटीतून, स्वतःच्याच ओढीनं. आतली हवा कोंडीत सापडते. मागे पाणी, पुढे पाणी, पळायला वाट नाही. मग ती मला फोडून बाहेर पडते. बुडबुड, फसफस, कटकट! ढेकळाचे पापुद्रे सुटतात, कडा कोसळतात, तुम्ही बघता बघता दगडासारखी माती पाण्यात ढासळून गाळ होते. हात लावायचा नाही, ढवळायचं नाही. ढवळलं की चिखल वरून लिंपला जातो आणि आतलं कोरडंच राहतं. नुसतं बघत बसायचं.

सुएन बघत बसली. ते बुडबुडे बघून ती बाई हसली. "आई गं! जिवंत आहे ही," म्हणाली, आणि मग जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत.

पुढे निमोल मोठी झाली तेव्हा सुएननं तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "मऊ असेल तर मळून घे. कडकडीत वाळली असेल तर भिजत घाल. पण अर्धवट वाळलेली माती कधी पाण्यात टाकायची नाही, निमोल. तिच्या फटींत आधीचं पाणी बसलेलं असतं, नवं आत जात नाही. वरून बुळबुळीत होते आणि पोटात गाठ राहते. घाई असली तरी आधी वाळू द्यायची. पूर्ण. हाडापर्यंत."

"कळलं गं आई, किती वेळा सांगशील?" निमोल म्हणायची.

निमोलचा हात आईपेक्षा हलका होता. तिचं मडकं उचललं की लोक एकदा हातात झेलून बघायचे, रिकामं आहे ना म्हणून.

मग सारुन आला. लग्न होऊन जावई सासूच्या घरी येतो ही आमच्याकडची रीत, त्यात कुणाला कमीपणा नाही. सारुन ताडावर चढणारा गडी. बांबूच्या नळ्या कमरेला, वाकडा कोयता पाठीला, सरसर वर जायचा. सकाळी गोड रस उतरवायचा, निमोल त्याचा गूळ करायची. पहिलं वर्ष बरं गेलं. दोघं ओंडक्याशी चेष्टा करत बसायची. मीही म्हटलं, चला, घरात हसू आलं.

पण रस उन्हात ठेवला की आंबतो, आणि आंबलेली ताडी सारुनला गोड लागायला लागली. पहिली थोबाडीत मारली ती प्रहोक खारट झाला म्हणून. आता मासळीचा खारवलेला रांधा खारट नाही होणार तर काय गोड होणार? निमोल गाल धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासाठी गुळाची ढेप पानात बांधून आणली. पुढच्या वेळी लाथ. त्याच्या पुढच्या वेळी केस धरून शिडीवरून खाली ओढली. दर वेळी नंतर काहीतरी गोड यायचंच. सुएन मध्ये पडायची, तेव्हा तिलाही ढकलायचा.

एकदा तो मित्रांसमोर मला तुडवत होता. घामाघूम, ताडी चढलेली. म्हणाला, "बघा रे! ही माती आणि आमची बायको, दोघींची जात एकच. तुडवल्याशिवाय कामाला येत नाहीत."

मित्र खो खो हसले. निमोल तिथेच वाळू चाळत होती. तिनं मान वर केली नाही. मी त्याच्या टाचेखाली होते. देवाशपथ सांगते, माझ्यात एखादी काच असती तर त्याच्या पायात घुसवली असती. अरे, माझं नाव कशाला घेतोस? माझ्यात हाड नाही, नस नाही, भीती नाही. मला बडवून तू मडकं करतोस. तिला बडवून काय केलंस? दाखव की!

सुएनची बहीण आजारी पडली आणि सुएन तळ्यापलीकडे तिच्या गावी गेली. त्याच दिवसांत धान्याच्या बदल्यात मडकी घेणारा गाडीवाला येणार होता. आमची माणसं वर्षाचा भात असाच घरात आणतात. निमोलनं एकटीनं मडक्यांची रांगच्या रांग उभी केली होती. अंग घडलं होतं, तळ अजून मिटायचे होते. अर्धी ओली, अर्धी वाळलेली मी ओळीनं बसले होते.

दिवेलागणीला सारुन आला. पाय लटपटत होते. निमोल म्हणाली, "अहो, आता पुरे करा ना. उद्या झाडावर चढायचंय. पडाल."

"मला शिकवतेस?" तो म्हणाला. "पडेन म्हणतेस? शाप देतेस?"

त्यानं ओंडक्यावरची थापी उचलली. हीच, माझी थापी. निमोलच्या पाठीवर घातली, मग खांद्यावर, मग ती खाली पडल्यावर कमरेवर. तो आवाज माझ्या ओळखीचा होता, फक्त या वेळी तो माझ्या अंगातून येत नव्हता. ती ओरडायचीही थांबली. मग तो माझ्याकडे वळला. लाथ घातली पहिल्या मडक्याला, दुसऱ्याला, सगळ्या रांगेला. चिरडलं, उडवलं, भिंत कोसळावी तशी मी कोसळले. मला दुखलं नाही, मी सांगितलंच. पण ती जमिनीवर पडून माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

सकाळी गावप्रमुख आले. खोएम आजोबा म्हणतात त्यांना. माणूस वाईट नाही, पण भांडण दिसलं की झाकण घालायची घाई. आमच्याकडे प्रमुखानं नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं, समेट घडवायचा, मनगटांना दोरा बांधायचा, म्हणजे गावाची लाज राहिली. सारुन उतरलेल्या तोंडानं हात जोडून बसला.

"चूक झाली, आजोबा. ताडीनं घात केला."

"झालं गेलं. निमोल, तू पण जरा जीभ आवर. संसारात एवढं चालायचंच."

"माझी पाठ सुजलीय, आजोबा. आई आल्यावर बसू या का?"

"आई येईपर्यंत राग कशाला धरून ठेवायचा, पोरी? आजच मिटवून टाक. हो म्हण, दोरा बांधतो, सगळ्यांनी चहा घेऊ."

निमोल हो म्हणाली. दोरा बांधला. चहा झाला. खोएम आजोबा समाधानानं गेले.

आणि मग निमोल माझ्याकडे आली. गाडीवाला आठवड्यावर आला होता. तुटकी मडकी गोळा केली, हातात घेऊन दाबून बघितलं. अर्धवट होते मी. तिलाही कळलं. मग म्हणाली, "जाऊ दे, होईल." आणि मला तशीच पाण्यात टाकली.

त्या सकाळी त्या घरात दोन चुका झाल्या, आणि दोन्ही एकाच घाईनं. मी काय करणार? पाणी माझ्या अंगावरून नुसतं फिरत राहिलं. एक बुडबुडा आला नाही. वरून बुळबुळीत झाले, आतल्या गाठी तशाच. तिनं हात घालून काही गाठी वेचल्या, बाकीच्या होतील बारीक म्हणून मळून टाकल्या. सारुननं तुडवलं. आता तो गोड वागत होता ना! "बस तू, पाठ दुखत असेल," म्हणत होता. पाठ कुणामुळे दुखत होती ते मात्र विसरला.

मडकी झाली. वरून बघाल तर नजर लागावी अशी. पण अंगात जागोजाग गाठी, बाजूची माती एका चालीनं आकसलेली आणि गाठी दुसऱ्या. वरून सुकल्या तरी मधे ओल धरून बसलेल्या.

भाजायच्या दिवशी गाडीवाला बैल सोडून सावलीत बसला होता. सारुनचे मित्र जमले होते. सारुन छाती काढून फिरत होता. "बघाच आमच्या घरची मडकी. सगळ्या तालुक्यात अशी नाहीत." लाकडं रचली, त्यावर मडकी, वर पेंढा. निमोलनं आग दिली.

जाळ चढला आणि पहिलं मडकं फुटलं. फाड! गाठीतल्या पाण्याची वाफ झाली होती. वाफेला जागा लागते, आणि कोंडलेल्या कशालाही जागा दिली नाही तर ते काय करतं ते तुम्हाला माहीत आहे. दुसरं फुटलं, तिसरं फुटलं. खापऱ्या जाळातून बाहेर उडायला लागल्या. एक बैलाला लागली, बैल दावं तोडून पळाला. मित्र हसून हसून लोळले.

"सारुन, अरे ही मडकी की फटाके? लग्नाला उपयोगी पडतील रे!"

सारुनचं तोंड काळंठिक्कर पडलं. त्यानं निमोलच्या केसांना धरलं. "मुद्दाम केलंस. चारचौघांत माझी फजिती करायला मुद्दाम केलंस."

"अहो, घाई झाली, माती अर्धवट..."

"बघू तुझ्या हातात काय रोग आहे!"

आणि त्यानं तिचा डावा हात धरला आणि निखाऱ्यांत दाबला. दाबून धरला. मी तिथे होते, त्याच जाळात. ती किंचाळली तसं किंचाळताना मी आजवर कुणाला ऐकलं नव्हतं, शिडीवर मेलेल्या तिच्या बापालाही नाही. मित्रांचं हसणं थांबलं. एकही मेला उठला नाही.

उठली ती सुएन. तळ्यापलीकडून नुकतीच उतरून आली होती, गाठोडं अजून डोक्यावर होतं. गाठोडं फेकलं, ओंडक्यावरची थापी उचलली आणि जावयाच्या कानशिलावर अशी हाणली की तो आडवा झाला. कानातून रक्त आलं. ती पुन्हा हाणणार होती. शेजारणींनी तिला मागून घट्ट धरली. खरं सांगते, नसतं धरलं तर मला चाललं असतं.

सारुनला त्याच्या मित्रांनी उचलून नेलं, पलीकडच्या गावात त्याच्या आईकडे. निमोलचा हात केळीच्या पानात गुंडाळला.

जखम ओली होती तोवरच खोएम आजोबा पुन्हा आले. हातात दोरा होताच.

"दोन्ही बाजूंनी हात उचलला गेला," ते सुएनला म्हणाले. "त्याचाही कान गेलाय. आता दोघांनी एकमेकांना माफ करायचं आणि..."

"आजोबा," निमोल म्हणाली. वेदनेनं तिचे ओठ पांढरे पडले होते. "मागच्या वेळी मी तुमचं ऐकलं. आता माझं ऐकाल?"

"बोल ना, पोरी."

ती उठली. राखेतून फुटक्या मडक्याची एक खापरी उचलली, चांगली लाल भाजलेली. शिडीच्या पायथ्याशी पाय धुवायचा पाण्याचा माठ असतो, त्यात टाकली.

"ही विरघळली की सांगा. त्या दिवशी मी स्वतः त्याला वर घेऊन येईन."

खोएम आजोबा कुंभारांच्या गावातले. त्यांची आई, आजी, बायको, सगळ्या हेच करत आलेल्या. ते माठात बघत राहिले. मी वाळते तेव्हा फटींतलं पाणी जातं, ते परत येऊ शकतं. पण जाळात गेले की माझ्या हाडातलं पाणी जातं, माझ्या घडणीतलंच. मग मी माती उरतच नाही. ओली होईन, पाणी पिईन, पण सुटणार नाही. शंभर वर्षं बुडवून ठेवा.

"ही नाही विरघळायची, निमोल," ते हळू आवाजात म्हणाले.

"मग तुम्ही दोरा परत न्या."

त्यांनी नेला. पण रीत वाईट असते, दोरा परत गेला तरी नवरा तो नवराच. सारुन कानाची जखम भरल्यावर यायला लागला. शिडीशी उभा राहायचा, पाय धुतल्यासारखं करायचा, माठात डोकावायचा. कधी गुळाची ढेप ठेवून जायचा. निमोल ती ढेप मुंग्यांना टाकायची. गावातले काही म्हणायला लागले, एवढं काय ताणायचं, पुरुष पायरीशी येतोय. तेच लोक मला टाकून द्या म्हणत होते.

त्या वेळी मडक्यांना न लागलेली, गाठी असलेली मी, या रांजणात पडून होते. निमोलचा हात आखडला होता. बोटं आत वळली होती, सरळ होत नव्हती. मला कुणी हात लावला नाही. पावसाळ्यात मला ओल लागली, पुन्हा वाळले. गाठी आणि बाकीची मी, सगळीच एकसारखी कडक झालो.

आणि मग एका दुपारी सारुन आला. या वेळी त्याच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. सुएन वर झोपली होती, निमोल मागे लाकडं फोडत होती. त्यानं माठातली खापरी काढली. दगडावर ठेवली आणि दुसऱ्या दगडानं ठेचली. ठेच ठेच ठेचली, दात खाऊन. पीठ केलं तिचं. पीठ माठात टाकून ढवळलं. पाणी लालसर गढूळ झालं. मग गावभर हाकाटी करत गेला आणि खोएम आजोबांना हाताला धरून घेऊन आला. मागून निम्मं गाव.

"बघा आजोबा! विरघळली! माझ्या समोर शब्द पाळायला सांगा हिला."

खोएम आजोबांनी माठात बघितलं आणि मान खाली घातली. काय झालंय ते त्यांना कळलं होतं, पण चारचौघांत बोलायचं कुणी? दोरा पुन्हा खिशात चाचपत होते, मला दिसलं. निमोल हो म्हणाली तर? दमलेली बाई काहीही म्हणते, मी बघितलंय.

निमोल कुऱ्हाड ठेवून आली. माठाकडे बघितलं, मग दगडावरच्या लाल भुकटीकडे. माठाशेजारी उकिडवी बसली. पाणी निवळलं. तिनं चांगल्या हातानं वरचं पाणी हळूच ओतून टाकलं आणि तळाचा लाल गाळ मूठभर काढून सारुनच्या हातात दिला.

"वळ," ती म्हणाली.

"काय?"

"गोळा वळ. विरघळली ना? मग माती झाली ना? माती असेल तर वळेल. वळ गोळा आणि वर चल."

सारुननं मूठ आवळली. उघडली. ओल्या रेतीसारखी भुकटी बोटांतून गळाली. पुन्हा आवळली, दोन्ही हातांनी, कपाळावरची शीर फुगेपर्यंत. पुन्हा गळाली. ती भुकटी एकमेकीला धरतच नव्हती. कशी धरणार? ती मी नव्हतेच.

"ठेचलंस तू," निमोल म्हणाली. "तुला दुसरं येतंच काय? ठेचलं की बारीक होतं, सारुन. विरघळत नाही."

सारुननं हात वर केला. सवयच ती.

आमच्या गावात दिवसभर थाप थाप चालू असते, प्रत्येक घराखाली. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की आवाज बंद झालाय. शेजारची लाय मावशी ओंडक्याशी उभी होती, हातात थापी. तिच्या पलीकडची, तिच्या पलीकडची, रस्त्यापर्यंत सगळ्या बाया उभ्या होत्या. सगळ्यांच्या हातात थाप्या. शिडीवर सुएन येऊन उभी राहिली होती, तिच्याही हातात होती.

सारुनचा हात तसाच वर राहिला आणि मग खाली आला.

"चल, सारुन," खोएम आजोबा म्हणाले. दोरा त्यांनी खिशातून काढला आणि पायवाटेच्या कडेला टाकून दिला. "चल. पुन्हा या शिडीशी येऊ नकोस. आलास तर मी मध्ये पडणार नाही."

तो गेला. गावाच्या टोकापर्यंत जाईस्तोवर बाया उभ्या होत्या. मग लाय मावशी म्हणाली, "बसा गं आता, तळ सुकतील," आणि थाप थाप पुन्हा सुरू झाली.

ही आज दुपारचीच गोष्ट. निमोलनं सांडलेली भुकटी खराट्यानं गोळा केली, एका करवंटीत भरून इथे रांजणाच्या कडेवर ठेवली. भाजलेल्या खापरीची पूड मातीत मिसळली की मडकं जाळात तडकत नाही, हे आमच्या बायांना माहीत आहे. मग तिनं डाव्या हातात गोटा घेऊन बघितला. आखडलेली बोटं गोट्याभोवती गच्च बसली. सरळ होत नाहीत, पण गोटाही सुटत नाही. ती बराच वेळ त्या हाताकडे बघत होती. मग माझ्यातलं एक ढेकूळ उचललं, मोडलं, आतून बघितलं, दातानं चावलं. "वाळली," म्हणाली, आणि घागर घेऊन गेली.

बघा, आलीच ती. घागर शिगोशीग भरली आहे.

एकच मागणं आहे, ते सांगते आणि संपवते. तुमच्या घरात कुणी हात उचलला आणि वर म्हणाला की माती बडवल्याशिवाय घडत नाही, तर त्याला सांगा, मातीनं निरोप दिलाय. म्हणावं, माझं नाव घेऊ नकोस. मी वाळले तर भिजते, मोडले तर जुळते. बाईचा हात भाजला की तो भाजलेलाच राहतो.

आलं पाणी. आई गं, किती गार! घुसलं, घुसलं... सरका बाजूला, आता मी फुटणार आहे. निमोल, ढवळू नकोस गं. नुसती बघत बस.